चुन्याचे ठिपके

माय गेली त्याच्या नवव्या दिवशी
मी साकोलीहून डिस्टेंपरचे दोन डबे आणले.
तेरवीला पाहुणे येणार, भिंत बरी दिसावी,
एवढंच होतं मनात.
पिस्ता रंग. दुकानदार म्हणाला, सध्या हाच चालतो.

माजघरात धानाच्या ढोलीमागे
त्या भिंतीवर चुन्याचे ठिपके होते.
तंबाखू मळून झाला की बोटाला उरलेला चुना
ती तिथं पुसते, असंच आम्ही समजत आलो.
बाबा ओरडायचेही त्यावरून.
ती हसायची. हसली की उजवा डोळा पुरता मिटायचा.

पारबता तिचं नाव. शाळेत गेली नाही.
पण तलावाच्या पाळीवर उभी राहून
पाण्याच्या रंगावरून सांगायची,
यंदा शिंगाडा केवढा धरेल.
पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जायची
आणि वेचायच्या आधी नुसती बसून राहायची.
कायले बसतेस, मी विचारलं एकदा.
"पडू दे ना बाबू. पडताना आयकू येते."

झाडांशी बोलायची तितकं गोड
आमच्याशी बोलली नाही, हेही लिहायला हवं.
शिंदीवरून सुगरणीचं घरटं तोडून आणलं
म्हणून तिनं मला निरगुडीच्या फोकानं मारलं होतं.
रिकामं होतं घरटं, तरी.

एकदा नांगरटीत टिटवीची चार अंडी दिसली.
तिनं भोवती तुराट्या रोवल्या
आणि बाबांना म्हणाली, वळवा.
बाबांनी तिच्या माहेरापासून सुरुवात करून
सात पिढ्यांचा उद्धार केला,
पण बैल वळवले.
बांधीच्या मधोमध खाटेएवढा तुकडा तसाच राहिला,
आणि टिटवी रात्रभर
आम्हालाच शिव्या देत राहिली.

माझी मुलगी चारुलता. मायला वाटलं,
चाराच्या झाडावरून ठेवलंय नाव.
"बेस केलं. चार गोड रायते, पाखरंबी खातेत."
आम्ही कोणी दुरुस्त केलं नाही.
सुट्टी लागली की दोघी पाळीवर,
दुपारी जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या.

तेरवीची पंगत उठली
तेव्हा चारू ढोलीमागे गेली, तशीच परत आली.
"बाबा, आजीची पाखरं कुठं गेली?"

मग तिनं सांगितलं, हळूहळू,
लहान मुलाला सांगावं तसं, मला.
मंडई झाली की उत्तरेकडून बदकं उतरतात.
पहिला थवा दिसला, एक ठिपका.
थोडी आली तर करंगळीचा,
तलावात मावेनात इतकी आली तर अंगठ्याचा.
आडवी रेघ एकच होती.
त्या साली कोणीच आलं नाही.
कोणतं साल, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
मी हिशेब करत बसलो,
तलाव आटला ते, की बाबा गेले ते?
साल एकच होतं दोन्हींचं.

एकूण किती होते गं?
"मोजले नाहीत. आजी होती ना."

रात्री नखानं रंग खरवडून पाहिला.
रंगाऱ्यानं आधी पॉलिशपेपर मारला होता,
चोख काम. पिस्त्याखाली थेट माती निघाली.

मी लाइनमन आहे.
यंदा मंडईच्या तिसऱ्या दिवशी
पाळीलगतच्या खांबावर होतो, पट्टा बांधून,
आणि ती माझ्या पायांखालून गेली.
पाठी दिसल्या त्यांच्या. पाखरांच्या पाठी
मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या.
पाण्यावर उतरेपर्यंत पक्कड हातातच राहिली.

घरी आलो. तिच्या डबीतला चुना
वाळून खडा झाला होता.
थुंकी लावून घासला, ती घासायची तसा,
आणि ढोलीमागे बोट टेकवलं.
फारच उंच टेकवलं.
तिचा हात कधी पोचला नसता तिथवर.

चारू मागे उभी होती. बराच वेळ बघत राहिली.
"मोठा झाला, बाबा," म्हणाली.
"थोडीच तर आली होती."